गच्चीवर मांडव घाला, पण बाबांबरोबर नाताळालाही जा

सलाम.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही पिंपरीकडे राहता आणि दोन वर्षांपासून एका घरगुती प्रार्थना गटात जाता. नाताळ आणि ईस्टर हे मूळचे मूर्तिपूजकांचे सण आहेत, देवाने नेमलेले सण बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात दिले आहेत आणि ते 'निरंतरचा विधी', म्हणजे कायमचा नियम म्हणून आपल्यालाही बंधनकारक आहेत, असं तिथल्या पुढाऱ्यांनी शिकवलं. म्हणून गेल्या डिसेंबरात तुम्ही उपासनेला गेला नाहीत. तुमचे बाबा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'वडील' या जबाबदारीच्या जागेवर आहेत. त्या दिवशी ते एकटेच पुढच्या बाकावर बसले आणि तेव्हापासून तुमच्याशी कामापुरतंच बोलतात. आता तुम्ही विचारता की ख्रिस्ती माणसाने बायबलमधले सण पाळावेत का, आणि यंदा त्यांतल्या मांडवांच्या सणाला मुलीसाठी गच्चीवर मांडव घालू का.

यात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. हे सण पाळलेच पाहिजेत का? नाही. पाळले तर चालतील का? चालतील, पण कसे आणि कोणासमोर पाळता ते बघावं लागेल. त्यासाठी नाताळ सोडावा लागेल का? अजिबात नाही. मी चौतीस वर्षं पाळकाचं काम केलं, निम्मं नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि निम्मं पुण्यात. हा प्रश्न माझ्या दारात अनेकदा आला. एकदा तर मीच तो ओढवून घेतला. ते पुढे सांगतो.

आधी परिस्थितीचं बोलू, कारण उत्तर तिच्याप्रमाणे थोडं बदलतं. तुम्ही जन्माने यहूदी असता आणि येशूवर विश्वास ठेवला असता, तर मी तुम्हाला वल्हांडण, म्हणजे मिसरातून सुटकेच्या आठवणीचा सण, सोडा असं कधीच म्हटलं नसतं. प्रेषित पौलानेही सोडला नव्हता. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात तो पन्नासाव्या दिवसाला, म्हणजे सप्ताहांच्या सणाला, यरुशलेमेत पोहोचायची घाई करतो. दुसरी परिस्थिती खेड्यातल्या पहिल्या पिढीच्या विश्वासणाऱ्याची. त्याचे भाऊबंद आधीच म्हणत असतात, "आपले सण सोडलेस, आता परक्यांचे धरलेस." त्याच्यावर इब्री, म्हणजे यहूदी पंचांगाचं ओझं घालताना मी दहा वेळा विचार करीन. तुम्ही या दोन्हींत बसत नाही. तुम्ही तिसऱ्या पिढीचे मराठी ख्रिस्ती आहात, तेव्हा तुमच्यापुरतं बोलतो.

लेवीय 23 उघडून समोर ठेवा. शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस), वल्हांडण, बेखमीर (न आंबवलेल्या) भाकरीचा सण, पहिल्या पिकाची पेंढी, सप्ताहांचा सण, कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण असा तो क्रम आहे. तिथेच थांबू नका. गणना या पुस्तकाचे 28 आणि 29 हे अध्याय वाचा, म्हणजे प्रत्येक सणाला काय अर्पायचं ते कळेल. मांडवांच्या सणाला पहिल्या दिवशी तेरा गोऱ्हे, मग रोज एक कमी करत सातव्या दिवशी सात, असे एकूण सत्तर. अनुवाद या पुस्तकाचा 16 वा अध्याय सांगतो की वल्हांडणाचा पशू आपापल्या गावी मारायचा नाही, परमेश्वर निवडील त्याच ठिकाणी मारायचा, आणि वर्षातून तीनदा सगळ्या पुरुषांनी तिथे जायचं. निर्गम 12:48 म्हणतं की सुंता न झालेल्याने तो खायचाच नाही. यरुशलेमेतलं मंदिर इ.स. 70 मध्ये पडलं. तेव्हापासून नियमशास्त्रात लिहिल्याप्रमाणे हे सण कोणालाच पाळता आलेले नाहीत. यहूद्यांनी त्या जागी प्रार्थना, घरातलं जेवण आणि पाठ अशी वेगळी मांडणी उभी केली. ती त्यांची आहे आणि ती टिकवायला त्यांनी फार सोसलं आहे. तुमच्या गटात जे चालतं ते लेवीय 23 नव्हे. कर्णा इंटरनेटवरून मागवलेला, जेवणाची पद्धत यहूदी परंपरेतून उचललेली आणि वर अर्थ आपला घातलेला. आवडीने करत असाल तर करा, पण त्याला 'आज्ञापालन' म्हणून दुसऱ्याला पापी ठरवायचा अधिकार त्यातून येत नाही.

आता तुमच्या पुढाऱ्यांची बाजूही नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. 'निरंतरचा विधी' हे शब्द खरेच आहेत. पण लेवीय 24 मध्ये मंदिरातला दिवा रोज पेटता ठेवण्यालाही तेच शब्द वापरले आहेत, आणि तो दिवा आपल्यापैकी कोणी पेटवत नाही. जखऱ्या 14 मध्ये सर्व राष्ट्रं मांडवांचा सण पाळायला यरुशलेमेला जातील असं आहे. तो शेवटच्या काळाचा दृष्टान्त आहे. तो वाचून माझं मन भरून येतं, पण त्यावरून पिंपरीतल्या माणसाला हजेरीचा हुकूम निघत नाही. प्रेषितांच्या 15 व्या अध्यायात मात्र नेमका हाच वाद यरुशलेमेत बसून सोडवला गेला. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना जे पत्र धाडलं त्यात मूर्तींचा प्रसाद, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म ही चार बंधनं आहेत. सणांचा त्यात उल्लेख नाही. तुमचे पुढारी म्हणतील की त्याच अध्यायात 'मोशे दर शब्बाथी वाचला जातो' असं आहे, म्हणजे बाकीचं ते हळूहळू शिकणारच होते. असू शकेल. पण मग पौलाने कलस्सैकरांना असं का लिहिलं असतं, की सण, अमावास्या किंवा शब्बाथ यांवरून कोणी तुम्हाला दोष लावू नये, या गोष्टी येणाऱ्याची छाया आहेत?

याच वचनावर एक उलटा युक्तिवादही ऐकला असेल, की कलस्सैकर सण पाळत होते आणि त्यांना ते पाळू नका म्हणणाऱ्यांना पौल गप्प करतो आहे. मला तो वाचनाला ताण दिल्यासारखा वाटतो. तरी क्षणभर मान्य करू. तसं असलं तरी वाक्याचा कणा 'कोणी दोष लावू नये' हाच राहतो. रोमकरांस 14 मध्येही तेच आहे. एक जण एखादा दिवस अधिक मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, आणि दोघांनी आपापल्या मनाची खातरी करून घ्यायची. सण पाळणाऱ्याला पौल हाकलत नाही. न पाळणाऱ्याला जो हाकलतो त्याच्यावर तो चिडतो, आणि गलतीकरांच्या पत्रात चांगलाच चिडला आहे.

हा वाद पहिल्या पिढ्यांतच पेटला होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आशिया मायनरमधल्या मंडळ्या यहूदी पंचांगाच्या निसान महिन्याच्या 14 तारखेलाच पास्का (ख्रिस्ती वल्हांडण, म्हणजे आजचा ईस्टर) पाळत, मग वार कोणताही असो. रोममध्ये तो रविवारीच व्हायचा. इ.स. 155 च्या सुमारास स्मुर्णा शहराचा म्हातारा बिशप पॉलिकार्प रोमला गेला आणि तिथला बिशप अनिकेटस याच्याशी यावर बोलला. दोघांनीही एकमेकांचं ऐकलं नाही. तरी अनिकेटसने आपल्या मंडळीत प्रभुभोजन चालवायचा मान पॉलिकार्पला दिला आणि दोघे शांतीने वेगळे झाले. तीसेक वर्षांनी रोमचा बिशप व्हिक्टर याने आशियातल्या मंडळ्यांना तोडायचा घाट घातला, तेव्हा इरेनियस नावाच्या दुसऱ्या बिशपने त्याला हीच जुनी गोष्ट आठवण करून दिली. सणाच्या तारखेवरून भांडण झालं की मला व्हिक्टरपेक्षा ते दोन म्हातारे आठवतात. पुढे 325 साली निकैयाच्या परिषदेने पास्काच्या तारखेसाठी यहूदी गणतीपासून वेगळं व्हायचं ठरवलं. त्यानंतर कॉन्स्टंटाइन बादशहाने मंडळ्यांना जे पत्र धाडलं त्यात यहूद्यांविषयी द्वेषाची भाषा आहे. तुमचे पुढारी म्हणतात की मंडळीने आपली यहूदी मुळं मुद्दाम तोडली. तेवढ्यापुरतं ते बरोबर आहेत, आणि हे कबूल करायला आपल्याला लाज वाटायचं कारण नाही.

आता माझी चूक. मी पुण्यात एका मंडळीत होतो. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी प्रभुभोजनाआधी 'वल्हांडणाचं जेवण' करावं असं माझ्या डोक्यात आलं. तरुण संघ उत्साहात होता. गव्हाच्या पातळ कडक पोळ्या केल्या, कडू भाजी म्हणून मेथी आणि मुळ्याचा पाला, मिठाचं पाणी, कोकराच्या हाडाऐवजी बोकडाचं हाड, द्राक्षरसाचे चार पेले. माझ्या शेजारी एक वयस्क बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहूदी समाजातले गृहस्थ राहायचे, मूळचे अलिबागकडचे. मी त्यांना मोठ्या अभिमानाने बोलावलं. ते आले आणि येताना खजुराच्या गोड रसाची वाटी घेऊन आले, कारण "त्याशिवाय कसं होणार?"

जेवणात मी तीन पोळ्या एकावर एक ठेवल्या आणि समजावून सांगितलं की या पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहेत, आणि मधली मोडतात ती वधस्तंभाचं चिन्ह आहे. हे मी एका पुस्तिकेत वाचलं होतं. मंडळीला फार आवडलं. ते गृहस्थ मात्र पोळीचा तुकडा हातात धरून बसून राहिले. खाल्ला नाही, खालीही ठेवला नाही. निघताना जिन्यात म्हणाले, "पास्टर, पोरांनी मेहनत चांगली घेतली. पण माझ्या आजीच्या ताटावर तुम्ही तुमचं नाव कोरलंत."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. आठवडाभर मी त्यांना टाळलं. मग वाचायला बसलो. ज्या क्रमाने मी जेवण चालवलं त्यातला बराचसा भाग मंदिर पडल्यानंतरच्या शतकांत घडला आहे. चार पेल्यांचा नियम मिश्ना या यहूदी नियमसंग्रहात मिळतो, आणि ती इ.स. 200 च्या सुमारास संकलित झाली. म्हणजे 'येशूने शेवटच्या जेवणात माडीवर अगदी असंच केलं' हे मी छातीठोक सांगितलं ते सांगायला नको होतं. शिवाय ते जेवण वल्हांडणाचंच होतं का यावर शुभवर्तमानांतही दोन नोंदी आहेत. मत्तय, मार्क आणि लूक तसं म्हणतात, आणि योहानाच्या 18 व्या अध्यायात तर येशूला पिलाताकडे नेणाऱ्यांना अजून वल्हांडण खायचा होता. विद्वान आजही त्यावर भांडतात.

पुढच्या वर्षी त्यांनीच मला घरी बोलावलं, पाहुणा म्हणून. मी कोपऱ्यात बसलो आणि फक्त ऐकलं. हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह 1846 सालीच मुंबईत छापली गेली होती हे मला त्या रात्री कळलं. त्यांच्या सगळ्यात धाकट्या नातवाने प्रश्न विचारले आणि आजोबांनी मराठीत उत्तरं दिली. इतकी वर्षं मी 'वल्हांडण' हा शब्द शिकवला. वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. पण मिसरातून निघालेल्या माणसांचे वंशज तो शब्द जगताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्यांच्याकडूनच कळलं की कोकणातल्या बेने इस्राएलांत या सणांना जुनी मराठी नावं होती. वल्हांडणाला 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवसाला 'दारफाळणीचा सण', दारं बंद करून घरात बसायचा. यात माझ्या दृष्टीने एक मोठा धडा होता. आपल्या बायबलात 'बेखमीर भाकरी' असं आहे. पण ज्वारी-बाजरीची भाकरी आपल्याकडे बेखमीरच असते, त्यामुळे मराठी कानाला त्या शब्दाचा धक्काच बसत नाही. नगर जिल्ह्यात एका म्हातारीने मला विचारलंही होतं, "मग त्यात विशेष काय केलं त्यांनी?" झाकून ठेवलेलं आंबट मडकं म्हटलं की कळतं. आंबोळीचं पीठ, ताकाचं विरजण, इडलीचा घोल, घरातलं आंबणारं सगळं आठवडाभर बाजूला. आता 1 करिंथ 5 मध्ये पौल जुनं खमीर काढून टाका म्हणतो ते मी याच उदाहरणाने सांगतो. बायका लगेच हसतात, कारण विरजण संपलं की काय होतं ते त्यांना माहीत असतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की हे सण शिका, मनापासून शिका. वल्हांडण समजल्याशिवाय गुड फ्रायडे अर्धाच कळतो. सप्ताहांचा सण माहीत नसेल तर यरुशलेमेत पन्नासाव्या दिवशी इतक्या देशांचे लोक का जमले होते हेच समजत नाही. पण या सणांना जिवंत मालक आहेत. ते अलिबागच्या इस्राएल आळीत आहेत, पुण्यात लाल देऊळ म्हणतात त्या यहूदी प्रार्थनास्थळात येतात. त्यांच्या ताटाचा अर्थ त्यांना न विचारता आपण बदलू नये. मी त्यानंतर वल्हांडणाचं नाटक पुन्हा केलं नाही. गुरुवारी निर्गम 12 वाचतो, मेथीची भाजी आणि पोळी सगळ्यांनी मिळून खातो आणि प्रभुभोजन आपलं आपल्या रीतीने घेतो.

तारखांचंही सांगतो, कारण गटात त्यावरूनच जास्त गोंधळ असतो. इब्री महिना आपल्यासारखाच चंद्राचा आहे आणि ऋतू घसरू नयेत म्हणून त्यांच्याकडेही अधिक महिना असतो, एकोणीस वर्षांत सात वेळा, दर वेळी अदार हाच महिना दुप्पट. वल्हांडण आणि मांडवांचा सण दोन्ही पौर्णिमेला येतात. 2025 साली वल्हांडणाची रात्र 12 एप्रिलला, म्हणजे हनुमान जयंतीच्या दिवशी होती, आणि मांडवांचा सण 6 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, नेमक्या कोजागरीला सुरू झाला. दोघांचा अधिक मास वेगवेगळ्या वर्षी पडला की हा मेळ बसत नाही. ईस्टरचं गणितही पौर्णिमेवरच चालतं, म्हणून तो कधी वल्हांडणाच्या आठवड्यात येतो, तर कधी 2024 सारखा तीन आठवडे आधी. यात कट वगैरे काही नाही, पंचांगं वेगळी आहेत इतकंच.

नाताळाबद्दल थोडक्यात. 25 डिसेंबर बायबलात नाही, हे खरं. या तारखेची पहिली पक्की नोंद रोममध्ये 354 सालच्या एका पंचांगात मिळते. सूर्याच्या सणावरून ती आली असं काही जण म्हणतात. दुसरे म्हणतात की गर्भधारणा 25 मार्चला धरून नऊ महिने मोजले. निकाल लागलेला नाही. पण मंदिराच्या पुनःस्थापनेचा यहूदी सणही लेवीय 23 मध्ये नाही. तो मक्काबींच्या काळातला आहे, आणि तरी योहान 10 मध्ये येशू त्या सणाला मंदिरात आहे. म्हणजे माणसांनी देवाच्या उपकाराची आठवण म्हणून ठरवलेला सण आपोआप पाप होत नाही. ईस्टर हा शब्द इश्तार देवीवरून आला हे तर इंग्रजी उच्चारावरून रचलेलं आहे. ग्रीक आणि लॅटिनमध्ये त्या सणाला पास्काच म्हणतात, आणि शेजारच्या गोव्यात कोकणीतही 'पास्कांचें फेस्त' आहे. म्हणजे नावातच वल्हांडण आहे.

आणि पिकाचा सण? आपल्या खेड्यांतल्या मंडळ्या तो करतात आणि मला तो मांडवांच्या सणाचा चुलत भाऊ वाटतो. भोपळे, तूर, गवारीच्या जुड्या, एखादी कोंबडी वेदीपुढे मांडायची आणि उपासनेनंतर लिलाव. एका वर्षी एका आजीने एकच अंडं आणलं होतं. ते दहा रुपयांना गेलं. घेणाऱ्याने परत दिलं, पुन्हा बोली लागली, आणि असं तीनदा झालं. आजी शेवटी म्हणाली, "आता उबवा तरी." लेवीय 23 मध्ये पेंढी ओवाळायला सांगितली आहे. आपल्या लोकांनी ती गोष्ट कोणत्याही गटात न जाता धरून ठेवली होती.

आता तुमचं. ज्या गटात 'हे न केलं तर तारण नाही' असं म्हणतात तिथे गलतीकरांचं पत्र मोठ्याने वाचून दाखवा आणि काय होतं ते बघा. ऐकून घेतलं तर राहा. तसं म्हणत नसतील, नुसती आवड असेल, तर गट सोडा असं मी म्हणणार नाही. नाताळाच्या उपासनेला वडिलांबरोबर जा. यंदा जा, पुढच्या वर्षापर्यंत थांबू नका. तुम्ही चुकलात असं सांगायची गरज नाही. त्यांच्या शेजारी पुढच्या बाकावर बसलात की त्यांना कळेल.

आणि मांडव जरूर घाला. मुलगी लहान आहे, तिला आयुष्यभर आठवेल. त्याला यहूदी नावं द्यायची नाहीत, कर्णा फुंकायचा नाही, सोसायटीला त्रास द्यायचा नाही. चार बांबू, बाजूंना जुन्या साड्या, वर नारळाच्या झावळ्या किंवा उसाचं वाढं. झावळ्या दाट घालू नका. आत बसून वर पाहिलं की चांदणं दिसलं पाहिजे, अशी यहूद्यांची जुनी पद्धत आहे आणि मला ती फार आवडते. ऑक्टोबरात पिंपरीत ढग असले तर तेवढं चालवून घ्या. जेवण तिथेच करा, योहान 7 वाचा, आणि पहिलं ताट बाबांना वाढा. ते जमिनीवर बसत नसतील, तर आधीच वर एक खुर्ची नेऊन ठेवा.